लाकडावरची लहान भट्टी: बांधणी, भरणी आणि भाजणी

मातीची भांडी भाजण्यासाठी घराच्या मागे किंवा शेतात लहान भट्टी बांधणाऱ्यांच्या हातून वारंवार त्याच चुका होतात. भिंत दुसऱ्या भाजणीतच उभी चिरते, खालच्या थरातली भांडी फुटतात, वरची कच्ची राहतात आणि मग दोष लाकडाला किंवा वाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा नुकसान जाळ मोठा होण्याच्या आधीच झालेले असते. ओल्या पायावर घातलेली वीट, न वाळलेला घडा, ओलसर लाकूड आणि पहिल्या चार तासांत केलेली घाई ही त्याची खरी कारणे आहेत. म्हणून या लेखात पूर्वतयारी आणि पहिला मंद जाळ यांना अधिक जागा दिली आहे.

येथे दिलेली भट्टी गोल आणि वर उघडी आहे. तिच्यात जाळ खालून वर जातो. आतला व्यास ८० सेंटिमीटर असून खाली जाळाचा कप्पा, मध्ये भोकांचा तळ आणि वर भांड्यांचा कप्पा अशी रचना आहे. साध्या लाल विटांत ती ९५० अंश सेल्सिअसपर्यंत नीट चालते. कुंड्या, पणत्या, माठ आणि मांडे भाजायचे खापर यांना एवढे पुरते. चिनी मातीच्या किंवा झिलईच्या भांड्यांसाठी ही भट्टी नाही.

१. हंगाम आणि जागा

बांधकाम दिवाळीनंतर सुरू करावे. भिंत वाळायला किमान तीन आठवडे लागतात आणि हिवाळ्यातली कोरडी हवा त्यासाठी उत्तम असते. आखाजीसाठी (अक्षय तृतीयेसाठी) घागरी भाजायच्या असतील, तर माघ संपण्यापूर्वी भट्टी उभी राहून तिच्या दोन भाजण्या झालेल्या असाव्यात. चैत्रात बांधायला घेतलेल्या भट्टीवर आखाजीचा माल अवलंबून ठेवू नये.

जागा उघडी असावी. कडब्याची गंजी, गोठा, वीजवाहक तारा आणि शेजाऱ्याचे कुडाचे घर यांपासून किमान १५ मीटर अंतर ठेवावे. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला हे अंतर दुप्पट असावे. बंद शेडमध्ये भट्टी पेटवू नये, कारण अर्धवट जळणाऱ्या लाकडातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. वर पत्रा घालायचा असेल तर तो भट्टीच्या माथ्यापासून किमान दोन मीटर उंच असावा आणि चारही बाजू मोकळ्या असाव्यात.

२. पाया

तापी आणि गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट बांधलेली भट्टी कितीही नीट भाजली तरी एका वर्षात चिरते. त्यामुळे दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद जागेतली काळी माती किमान ४५ सेंमी खोल काढून टाकावी आणि खड्डा मुरुमाने भरावा. मुरूम १५ सेंमीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर पाणी मारून चोपावा आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंमी उंच आणावा, म्हणजे पावसाचे पाणी भट्टीकडे येणार नाही. मुरमावर विटांचा एक सपाट थर कोरडाच मांडून सांध्यांत वाळू भरावी.

> इशारा: जाळ लागेल अशा ठिकाणी काळा दगड, फरशी किंवा सिमेंट काँक्रीट वापरू नये. त्यांच्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन कपच्या उडतात. सिमेंटचा सांधाही उष्णतेने भुसभुशीत होऊन गळतो.

३. विटा आणि गारा

फुटतूट धरून सुमारे ६५० विटा लागतात. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाजाची वीट बाहेरच्या ओट्याला वापरावी, भिंतीत नको.

गाऱ्यासाठी एक भाग पोयटा किंवा चिकणमाती, दोन भाग चाळलेली वाळू आणि अर्धा भाग फुटक्या भांड्यांचा भुगा घ्यावा. नुसत्या काळ्या मातीचा गारा वाळताना आकसतो आणि प्रत्येक सांधा उघडा पडतो. मिश्रण रात्रभर भिजवून सकाळी तुडवावे. सांधा जितका पातळ तितकी भिंत टिकाऊ होते, कारण विटांपेक्षा गाराच आधी गळतो. विटेला विट जवळजवळ टेकेल एवढाच, म्हणजे तीन-चार मिलिमीटर गारा ठेवावा. वीट लावण्यापूर्वी क्षणभर पाण्यात बुडवावी. कोरडी वीट गाऱ्यातले पाणी लगेच शोषून घेते आणि सांधा धरत नाही.

४. भिंत, तोंड आणि तळ

८० सेंमी लांबीची एक सरळ काठी जवळ ठेवावी. प्रत्येक थरानंतर ती आत आडवी फिरवून पाहिली की गोलाई बिघडत नाही.

विटा आडव्या, लांबी केंद्राकडे करून लावाव्यात. भिंत २३ सेंमी जाड होते. आतल्या बाजूला विटा एकमेकींना भिडतात आणि बाहेरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी उरतात. त्या फटींत गाऱ्यासोबत विटांचे तुकडे ठोकून भरावेत. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत.

जळण सारण्याचे तोंड ३० सेंमी रुंद ठेवावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेरच्या दिशेला ४५ सेंमी वाढवून लहान बोगदा करावा. लाकूड या बोगद्यात जळते आणि आत फक्त ज्वाळा जाते. बोगदा न करता भांड्यांच्या थेट खाली लाकूड जाळणे हे तळची भांडी फुटण्याचे मोठे कारण आहे. दुसऱ्या थरावर १६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळया तीन-चार सेंमी अंतराने आडव्या ठेवाव्यात. सळयांच्या टोकांशी बोटभर मोकळी जागा सोडावी, कारण तापल्यावर लोखंड वाढते आणि अडकवलेली सळई भिंत ढकलते. सळयांखालची जागा राखेसाठी आणि हवेसाठी, वरची लाकडासाठी.

पाचवा आणि सहावा थर आतल्या बाजूला प्रत्येकी तीन सेंमी पुढे काढावा, म्हणजे तळाच्या विटा टेकायला कंगोरा तयार होतो. बोगद्याच्या भिंतींचे हेच दोन थर दोन्ही बाजूंनी चार-चार सेंमी पुढे काढले की वरची फट १४ सेंमीच उरते आणि सातव्या थरात आडवी वीट टाकून ती बंद करता येते. कमान किंवा लोखंडी अँगल लागत नाही.

यानंतर मध्यभागी २३ सेंमी चौरस खांब सहा थरांचा उभारावा. त्याचेही वरचे दोन थर चारही बाजूंनी तीन-तीन सेंमी पुढे काढावेत. आता खांब आणि कंगोरा यांच्यात साधारण १६ सेंमी अंतर राहते, त्यावर बारा विटा कडेवर उभ्या ठेवून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडाव्यात. विट आडवी टाकली तर ती पाच-सहा भाजण्यांत मोडू शकते; कडेवरची वीट जास्त भार सोसते. विटांमधल्या फटी मिळून तोंडाच्या उघड्या भागाएवढ्या व्हायला हव्यात. त्या कमी झाल्या तर धूर तोंडातून परत येतो, फार मोठ्या झाल्या तर उष्णता भांड्यांना न लागता सरळ वर निघून जाते.

तळाच्या वर भिंतीचे आठ थर घ्यावेत. मध्यावर आणि माथ्याच्या एक थर खाली, आत पाहण्यासाठी सहा सेंमीचे एकेक भोक सोडून त्यात सैल विटेचा बूच बसवावा. बाहेरून तळाच्या उंचीवर आणि माथ्याजवळ लोखंडी पट्टी आवळून नट-बोल्ट लावावा. शेवटी शेण, गव्हाचा भुसा आणि माती यांचा पाच सेंमी जाड लेप द्यावा. या लेपाने जळण वाचते आणि भिंतीतून शिरणारी थंड हवा थांबते.

> तपासणी: लेप देण्यापूर्वी तोंडात ओला पाला पेटवून माथा पोत्याने झाकावा. भिंतीतून जिथे धूर येईल तिथे खडूची खूण करून सांधा गाऱ्याने भरावा.

५. नवी भट्टी वाळवणे

भिंत तीन आठवडे सावलीत वाळू द्यावी. मग सलग तीन संध्याकाळी रिकाम्या भट्टीत जाळ करावा: पहिल्या दिवशी दोन तास नुसते निखारे, दुसऱ्या दिवशी तीन तास बारीक जाळ, तिसऱ्या दिवशी चार तास मध्यम जाळ. बारीक भेगा पडणारच. भट्टी थंड झाल्यावर त्या पातळ गाऱ्याने भराव्यात. ही पायरी गाळून पहिल्याच दिवशी भांडी भरणाऱ्याच्या भट्टीत भिंतीची वाफ भांड्यांवर बसते आणि भांडी तळाकडून उकलतात.

६. माती आणि भांडी

आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास असतात. भट्टीत ८०० अंशांच्या पुढे त्या खड्यांचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर आले की तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि घागरीच्या पोटातून पांढऱ्या ठिपक्यासह कपची उडते. जाळ कितीही सांभाळला तरी हा दोष टळत नाही. तो माती गाळतानाच टाळावा लागतो. माती पाण्यात कालवून बारीक जाळीच्या चाळणीतून गाळावी. जाळीवर उरलेल्या खड्यांवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे, आणि मग तीच माती आणखी बारीक जाळीतून पुन्हा गाळली पाहिजे.

खापरासाठी मातीत बारीक वाळू किंवा फुटक्या भांड्यांचा भुगा सढळ मिसळावा. मांड्यांचे खापर रोज चुलीवर तापते आणि थंड होते. गुळगुळीत, घट्ट मातीचे खापर त्या फरकाने तडकते. माठ आणि खापर ८५० ते ९०० अंशांपर्यंतच भाजावेत. जास्त भाजलेला माठ घट्ट होतो, पाझरत नाही आणि पाणी गार करत नाही. कुंड्यांना ९५० अंश चालतात.

भांडी आधी सावलीत, मग उन्हात, अशी खडखडीत वाळवावीत. जानेवारीत हे काम दहा-बारा दिवसांचे असते. वैशाखाच्या उन्हात बाहेरून चार दिवसांत भांडे पांढरे पडते, पण बुडाची जाडी आत ओलीच असते, म्हणून उन्हाळ्यात भांडी सुरुवातीला पोत्याखाली ठेवावीत.

> तपासणी: सकाळी लवकर भांड्याचे बूड गालाला लावावे. गार लागले तर आत ओल आहे. शंका असलेले भांडे या खेपेला भरू नये, कारण एक घडा फुटला की त्याच्या कपच्या शेजारच्या चार घड्यांना मारतात.

७. जळण

दोन ते अडीच क्विंटल सुके लाकूड भाजणीपूर्वी भट्टीजवळ असावे; उरले तर पुढच्या खेपेला कामी येते. मध्येच जळण संपले तर उतरलेला ताव पुन्हा चढवायला दुप्पट लाकूड जाते. बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब आणि चिंच ही लाकडे सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्याला चांगली. ती मनगटाएवढी फाडून सहा महिने वाळवलेली असावीत. शेवटच्या टप्प्यासाठी पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि अंगठ्याएवढ्या फांद्या हव्यात. त्या भुरकन पेटतात आणि त्यांची ज्वाळा लांब जाते.

पऱ्हाट्या फेब्रुवारी-मार्चच्या भाजणीतच संपवाव्यात. त्यांची गंजी पावसाळ्यापर्यंत बांधावर ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि पुढच्या कपाशीला त्याचा फटका बसतो. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, टायर किंवा प्लास्टिक भट्टीत घालू नये. विषारी धूर होतो आणि त्याचा अंश भांड्यांना लागतो.

८. भरणी

भट्टी वरून भरावी. तळाच्या फटींवर फुटक्या भांड्यांच्या मोठ्या खापऱ्या तिरप्या टेकवून ज्वाळेचा थेट मारा मोडावा, पण फटी बुजवू नयेत. जाड आणि जड भांडी खाली, पातळ वर. घागरी तोंड खाली करून तिरप्या ठेवल्या तर आतली वाफ कोंडत नाही. कच्ची भांडी एकमेकांना टेकलेली चालतात, भिंतीपासून मात्र दोन बोटे अंतर हवे. पणत्यांसारखा बारीक माल कुंड्यांच्या पोटात भरता येतो.

मधल्या भोकासमोर मातीच्या तीन-चार कड्या सळईने ओढता येतील अशा ठेवाव्यात. त्यांचा उपयोग शेवटी होतो. माथ्यावर खापऱ्यांचे दोन थर एकमेकांवर चढवून टाकावेत आणि मधोमध ओंजळभर रुंदीची जागा उघडी सोडावी.

९. पहिला जाळ: चार तास

भाजणीला १२ ते १३ तास लागतात. हिवाळ्यात सकाळी सातला सुरुवात केली तर शेवटचा टप्पा अंधार पडल्यावर येतो आणि आतल्या तावाचा रंग नीट दिसतो. उन्हात लाल रंग फिका वाटतो आणि भांडी जास्त भाजली जातात. मे महिन्यात दुपारी चारनंतर सुरुवात करावी. सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी भट्टी पेटवूच नये.

पहिला विस्तव बोगद्याच्या बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर करावा. फक्त गरम हवा आत गेली पाहिजे. दोन तासांनी निखारे तोंडात ढकलावेत आणि तिसऱ्या तासाला मनगटाएवढी दोनच लाकडे ठेवावीत. ताप तासाला ३० अंशांपेक्षा वेगाने चढू देऊ नये. भांड्यातले पाणी १०० अंशांवर वाफ होते, आणि वाफेला मातीच्या छिद्रांतून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर ती भांडे फोडून बाहेर पडते. या टप्प्यात आतून 'फट्' असा आवाज आला तर जाळ ताबडतोब बाहेर ओढावा आणि तासभर थांबावे.

> तपासणी: स्टीलची थंड ताटली चिमट्यात धरून माथ्याच्या उघड्या जागेवर दोन-तीन क्षण ठेवावी. ताटलीवर दव धरले तर वाफ अजून निघते आहे. ताटली कोरडी येईपर्यंत, चारऐवजी सहा तास लागले तरी, जाळ वाढवू नये.

या टप्प्यात भेट द्यायला आलेल्या माणसांनी "एवढ्याशा विस्तवाने काय होणार" असे म्हटले तरी जाळ वाढवू नये.

१०. मधला जाळ: चार ते पाच तास

ताटली कोरडी आल्यावर जाळ बोगद्यात, सळयांवर घ्यावा आणि ताप तासाला सुमारे १०० अंशांनी चढवावा. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रूपाने बांधलेले पाणी निघून जाते, आणि ५७३ अंशांवर मातीतली गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावते. म्हणून आत अगदी मंद लाली दिसू लागण्याच्या सुमारास अर्धा तास ताप जवळपास स्थिर ठेवावा. के-प्रकारचा थर्मोकपल (ताप मोजणारी तार) आणि त्याचा दर्शक असेल तर मधल्या भोकातून आत घालावा. नसेल तर डोळ्यांवर विसंबावे लागते.

भोकातून पाहताना चेहरा फूटभर दूर आणि एका बाजूला ठेवावा, कारण बूच काढताच ज्वाळा बाहेर येऊ शकते. कपडे सुती असावेत, हातमोजे चामड्याचे. सिंथेटिक साडी किंवा ओढणी घेऊन तोंडाशी बसू नये. दोन पिंपे पाणी आणि वाळूचा ढीग जवळ असावा. हे पाणी आसपास लागलेल्या आगीसाठी आहे, तापलेल्या भट्टीवर ते कधीही ओतू नये.

११. मोठा जाळ: तीन ते चार तास

आता बारीक जळण थोडे थोडे, पण वारंवार सारायचे. येथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ताव चढत नाही असे वाटून तोंड लाकडांनी ठासणे. तसे केले की हवा अडते, काळा धूर निघतो आणि ताप उलट उतरतो. पऱ्हाट्यांची एक मूठ सारली की माथ्यावर धूर आणि मग ज्वाळा दिसते. धूर विरून ज्वाळा आखूड झाली की पुढची मूठ, हा क्रम शेवटपर्यंत पाळावा. बहुधा तीन-चार मिनिटांनी पाळी येते. सळयांखाली निखारे साठून हवेची वाट अडली तर ते खोऱ्याने ओढून वाळूत टाकावेत.

सुरुवातीला धुराने काळी झालेली भांडी ६०० अंशांच्या पुढे काजळी जळून स्वच्छ दिसू लागतात. खालचे भोक उजळ आणि वरचे काळसर दिसले तर माथ्यावरच्या दोन-चार खापऱ्या सरकवून वाट मोकळी करावी. एकच बाजू उजळत असेल तर त्या बाजूच्या खापऱ्या दाट कराव्यात, म्हणजे ज्वाळा दुसरीकडे वळते.

७५० ते ८०० अंशांना रंग पिकल्या चेरीसारखा लाल असतो, ९०० च्या आसपास त्यात नारिंगी झाक येते, ९५० ला स्वच्छ नारिंगी. त्या रंगावर एक कडी सळईने ओढून काढावी, गार होऊ द्यावी आणि मोडून पाहावी. मोड आतपर्यंत एकरंगी लाल असेल तर भाजणी झाली. मध्ये काळी रेघ दिसली तर आतला सेंद्रिय अंश जळायचा आहे. ताप न वाढवता अर्धा तास तसाच राखावा आणि दुसरी कडी काढावी.

१२. बंद करणे आणि थंड होऊ देणे

कडी पसंत पडल्यावर अर्धा तास तोच ताव राखून जळण थांबवावे. निखारे विझत आले की तोंड विटा आणि गाऱ्याने बंद करावे, माथ्यावरची उघडी जागाही खापरीने झाकावी. थंड हवेचा एक झोत आत शिरला तरी ५७३ अंशांच्या आसपास असलेली भांडी उभी चिरतात, आणि ती चीर इतकी बारीक असते की पाणी भरल्यावरच कळते. भट्टी पूर्ण एक दिवस बंद राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी वरच्या दोन-तीन खापऱ्या काढून सहा तास थांबावे. भांडे उघड्या हाताने सहज धरता आले तरच बाहेर काढावे.

१३. माल काढणे आणि भट्टीची देखभाल

प्रत्येक भांडे बोटाच्या पेराने वाजवावे. बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. सारा माल आठ दिवस सावलीत ठेवून मगच विकावा किंवा द्यावा, कारण चुन्याचे ठिपके याच दिवसांत फुटतात. ठिपके दिसले तर भांडी कुठल्या मातीची होती ते वहीत लिहावे आणि त्या मातीला बारीक जाळी लावावी. जाळाच्या वेळा, किती जळण लागले, कोणत्या बाजूची भांडी कच्ची राहिली, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.

राख प्रत्येक भाजणीनंतर काढावी, पण आतला विस्तव विझल्याची खात्री करून. राखेत दोन दिवस निखारा जिवंत राहतो. तळाच्या बारा विटा प्रत्येक भाजणीनंतर ठोकून पाहाव्यात आणि तडकलेली वीट लगेच बदलावी. जूनपूर्वी माथा पत्र्याने झाकून पत्र्यावर दगड ठेवावेत. पावसाळ्यानंतर भट्टी पुन्हा वापरण्याआधी पाचव्या भागात सांगितलेले तीन संध्याकाळचे रिकामे जाळ नव्याने करावेत, कारण चार महिन्यांत भिंतीने ओल धरलेली असते.